सतरावा नंबर, हातात कप

ताई,

मी २४ वर्षांची, माझा दादा ३६चा. दोघंही टॉटनहॅमवाले, म्हणजे लंडनच्या त्या फुटबॉल क्लबचे फॅन. मला या नादाला लावलं तेही त्यानेच. २०२४-२५चा हंगाम संपला तेव्हापासून आमचं एकच भांडण चालू आहे. तो म्हणतो, युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) जिंकली, हंगाम यशस्वी, विषय संपला. मी म्हणते, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांत २२ पराभव आणि वीस संघांत सतरावा नंबर, याला यश म्हणणाऱ्याने टेबल उलटं धरलंय. मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला काढलं ते योग्यच झालं असंही मी म्हटलं, त्यावर तो अजून धुमसतोय.

सुरुवातीला गंमत होती. मग फॅन ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याने लिहिलं, ‘तू खरी फॅनच नाहीस, तुला फक्त जिंकणारी टीम हवी.’ मीही लिहिलं, ‘तुझी अपेक्षाच इतकी खाली गेलीय की कुणी काहीही टाकलं तरी तू उचलतोस.’ मग मी ग्रुप सोडला. आता आम्ही सामने वेगवेगळे बघतो आणि घरात फुटबॉल सोडून सगळं बोलतो. ऑफिसात एक आर्सेनलवाला आहे, तो मला नावाने नाही, ‘सतरा’ म्हणून हाक मारतो. दादा म्हणतो, त्यात लाज कसली?

एक सांगायलाच हवं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मीच म्हणाले होते की यंदा एक कप आला तर मला बाकी काही नको. पण तेव्हा सतरावा नंबर कुणाच्या डोक्यात होता?

आमच्यापैकी बरोबर कोण? आणि ग्रुपवर परत जाऊ का?

— धाकटी


धाकटी,

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत धाकधूक नको. हंगाम यशस्वी झाला का? माझं मत दादाच्या बाजूने, पण अगदी काठावर. संघ लीगमध्ये बरा खेळला का, आणि मॅनेजर बदलणं बरोबर होतं का? या दोन्ही ठिकाणी मी तुझ्याकडची. तुम्ही हे तीन प्रश्न एकत्र गुंडाळून भांडताय, म्हणून एवढं भांडूनही कुणी हरत नाहीये.

क्लबचंच बघ ना. २१ मे २०२५ला बिल्बाओतल्या युरोपा लीग फायनलमध्ये ब्रेनन जॉन्सनच्या एकुलत्या एक गोलवर मँचेस्टर युनायटेडला हरवलं आणि १७ वर्षांनी कप आणला. ६ जूनला, म्हणजे सोळाव्या दिवशी, पोस्टेकोग्लूला नारळ दिला. त्या दिवशीच्या निवेदनाचा आशय असा होता की हा विजय क्लबच्या सर्वांत मोठ्या क्षणांपैकी एक आहे, पण त्या भावनेच्या भरात निर्णय घेता येणार नाही. सोबत हिशेबही जोडला होता: लीगच्या शेवटच्या ६६ सामन्यांत ७८ गुण. त्यातला पहिला भाग दादाचा आणि दुसरा तुझा, दोन्ही एकाच कागदावर. ज्यांच्या हातात क्लब होता त्यांनाही एका शब्दात उत्तर देता आलं नाही, तर ते तुम्हा दोघांना ग्रुपवर सापडेल ही आशा जरा जास्तच आहे.

आधी तुझी बाजू घेते, कारण तू ती मांडलीस त्याहून ती भक्कम आहे. तू २२ पराभवांवर थांबलीस. मला जास्त टोचतो तो ३८ गुणांचा आकडा. त्या वर्षी खालच्या लीगमध्ये ढकलले गेलेले तळाचे तिन्ही संघ फारच दुबळे निघाले: लेस्टर २५ गुण, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२. सतराव्या आणि अठराव्या नंबरांत १३ गुणांची दरी. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा एरवी खालच्या संघांचा जीव टांगणीला लागतो, तेव्हा स्पर्सला, म्हणजे टॉटनहॅमला, लीगकडे पाठ फिरवून युरोपात जीव ओतता आला. दुसऱ्या एखाद्या वर्षी एवढे गुण पुरले नसते. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण घेऊन खाली गेलं. म्हणजे बिल्बाओला जाण्याची मोकळीक काही अंशी इतरांच्या दुबळेपणाने दिली. हे दादाने मान्य करायला हवं, आणि शांतपणे सांगितलंस तर तो करेलही.

तो म्हणेल, शेवटी शेवटी लीगमध्ये राखीव खेळाडूच उतरवत होते, मग पराभव होणारच. खरं आहे. ६ एप्रिलला साउदॅम्प्टनला हरवल्यावर लीगमध्ये एकही विजय नाही. लिव्हरपूलकडून ५-१ हरले आणि त्यांना विजेतेपद बहाल करून आले. कप जिंकल्यावर शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ब्रायटनकडून ४-१. हे सगळं त्या खात्यावर टाकता येईल. पण घसरण एप्रिलमध्ये सुरू झाली नव्हती. जानेवारीअखेर लेस्टरकडून, त्याच दुबळ्या लेस्टरकडून, घरी २-१ हरले तेव्हा युरोपा लीगची बाद फेरी सुरूही झाली नव्हती. तेव्हा कशासाठी काय राखून ठेवलं होतं?

मग तो दुखापतींकडे वळेल. तिथे मात्र त्याचं ऐकून घे. नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ४-० धुतलं, त्या सामन्यात गोलकीपर व्हिकारियो मोडलेल्या घोट्याने खेळला आणि नंतर काही महिने बाहेर बसला. डिसेंबरात रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दुखापतीतून परतले ते चेल्सीविरुद्ध, आणि त्याच सामन्यात दोघंही पुन्हा लंगडत बाहेर. फायनललासुद्धा मॅडिसन, कुलुसेव्स्की आणि बर्गवाल नव्हते. गोलकीपर आणि बचावाची मधली जोडी एकदम गेली की भले भले संघ कोलमडतात. मात्र बचावाची फळी मध्यरेषेपर्यंत वर चढवायची आणि मागे मोकळ्या पडलेल्या मैदानात त्याच दोघांना जीव तोडून धावायला लावायचं, ही निवड मॅनेजरचीच होती. इतका धावायला लावणारा खेळ आणि इतकी माणसं जायबंदी, यांचा काहीच संबंध नाही असं मला तरी म्हणवत नाही. म्हणून त्याला काढण्याबद्दल मी तुझ्याबरोबर आहे. पहिल्या वर्षी पाचवा नंबर, दुसऱ्या वर्षी सतरावा. तिसरं वर्ष निव्वळ कृतज्ञतेपोटी द्यावं, असं मला वाटत नाही.

तुम्हा दोघांनाही अडचणीत टाकणारा एक आकडा आहे. त्या हंगामात लीगमध्ये स्पर्सने ६४ गोल केले आणि ६५ खाल्ले. सतराव्या नंबरचा संघ, आणि गोलफरक उणे एक! एवढे गोल करणारी टीम टाकाऊ म्हणता येत नाही, आणि एवढे गोल करूनही २२ सामने घालवणाऱ्या टीमला नुसतं कमनशिबीही म्हणता येत नाही.

आता दादा. तो स्वतःचा फार वाईट वकील आहे. ‘कप आहे, विषय संपला’ म्हणून उठून जातो. तेव्हा त्याचं वकीलपत्र मी घेते.

२४ फेब्रुवारी २००८ला वेंबलीवर वुडगेटच्या गोलने चेल्सीला हरवून लीग कप (लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, तेव्हा तो साधारण एकोणीस वर्षांचा असेल. त्यानंतर बिल्बाओपर्यंत स्पर्सने चार फायनल खेळल्या: २००९ आणि २०१५च्या लीग कपच्या, २०१९ची चॅम्पियन्स लीगची (युरोपातली सर्वांत मोठी स्पर्धा), २०२१ची पुन्हा लीग कपची. चारही हरले. आणि या चारही फायनलमध्ये मिळून, २००९चं पेनल्टी शूटआउट सोडलं तर, स्पर्सचा एकही गोल नाही. शून्य. म्हणजे बिल्बाओत ४२व्या मिनिटाला जॉन्सनने जो वेडावाकडा गोल केला, जो नक्की कुणाला लागून आत गेला हे पहिल्या नजरेत कळतही नव्हतं, तो वुडगेटनंतरचा फायनलमधला पहिला गोल. दुसऱ्या अर्धात होयलुंडचा हेडर व्हॅन डे व्हेनने उलटं झेपावून गोलरेषेवरून परतवला, तेव्हा दादाच्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं असेल याचा अंदाज कर. सामना देखणा नव्हता. पण बघणाऱ्यातल्या ज्यांनी त्या चार फायनल बघितल्या होत्या, त्यांना देखणेपणाशी काही देणंघेणं नव्हतं.

मधल्या काळात त्याने काय काय पाहिलं तेही बघ. २०२१ला लीग कपची फायनल सहा दिवसांवर असताना मॅनेजर मोरिन्योला काढलं. इतके गोल करणारा माणूस क्लबच्या इतिहासात दुसरा नाही, तो हॅरी केन एकही कप न जिंकता २०२३ मध्ये बायर्नला गेला. सोन २०१५ला आला, दहा वर्षं राहिला, बिल्बाओत कर्णधार म्हणून कप उचलला आणि त्याच उन्हाळ्यात निघून गेला. दादासाठी हा हंगाम ऑगस्ट २०२४ला सुरू झालेलाच नाही. तू एका वर्षाचा ताळेबंद मांडतेस आणि तो सतरा वर्षांचा, मग बेरजा जुळणार कशा?

तुझ्या वयावरून एक अंदाज करते. तू डोळे उघडून बघितलेला पहिला स्पर्स मॅनेजर पोचेटिनोचा असणार. जिथे वरच्या चारांत असणं ही रोजची गोष्ट होती, जिथे ॲमस्टरडॅमला लुकास मौराने ९६व्या मिनिटाला तिसरा गोल करून आयॅक्सला बाहेर काढलं होतं. ज्याने तिथून सुरुवात केली त्याला सतरावा नंबर अपमानच वाटणार. यात तुझं काही चुकत नाही. तू क्लबला जिथे पाहिलंस तिथून मोजतेस, तोही तेच करतो.

आता तुम्हा दोघांसाठी एकच प्रश्न, आणि उत्तर एकमेकांना न विचारता द्या. २०१६-१७चा हंगाम आठव. लीगमध्ये ८६ गुण, दुसरा नंबर. जुन्या व्हाइट हार्ट लेनवरचा शेवटचा हंगाम, घरच्या १९ सामन्यांत १७ विजय, दोन बरोबरी, पराभव नाहीच. कप? एकही नाही. तो हंगाम आणि २०२४-२५चा, यातला एकच ठेवता येणार असेल तर कुठला ठेवशील?

तू म्हणशील २०१६-१७. म्हण, पण मग सांग: तुझ्या त्या हंगामाचं आज क्लबच्या कपाटात काय आहे? आणि दादालाही सोडू नकोस. त्याला थेट विचार, ‘२०१६-१७ अपयशी होतं का?’ कप हीच एकमेव कसोटी असेल तर त्याला ‘हो’ म्हणावं लागेल. तो म्हणणार नाही. कुठलाच स्पर्सवाला म्हणणार नाही. ज्या क्षणी तो ‘तसं नाही, पण...’ असं म्हणेल, त्या क्षणी तुमचं भांडण संपून बोलणं सुरू होईल.

माझं स्वतःचं उत्तर २०२४-२५. का ते सांगते, कारण तू ‘काठावर’ शब्दाचा जाब विचारणार. लीगमध्ये सतरावं येऊन स्पर्सने जे गमावलं, ते आठवं किंवा नववं येऊन वाचलं असतं असं मला वाटत नाही. आठवं आले असते तर युरोप नाही, कप नाही, आणि त्या वर्षाचं नावही आज कुणी काढलं नसतं. उलट सतरावं येऊन चॅम्पियन्स लीगची जागा मिळाली, कारण युरोपा लीगच्या विजेत्याला ती मिळते. यात एक गंमत आहे, ती दादा विसरला नसेल. २०१२ मध्ये स्पर्स ६९ गुणांसह चौथे आले होते, जागा हक्काची होती. पण सहाव्या आलेल्या चेल्सीने म्युनिकला बायर्नला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि तेव्हाच्या नियमाने स्पर्सची जागा त्यांना गेली. त्या वर्षी कुणी चेल्सीला सहाव्या नंबरावरून हिणवलं? आणि चांगला चौथा नंबर मिळवून देणाऱ्या मॅनेजर हॅरी रेडनॅपला मात्र स्पर्सने जूनमध्ये घरी पाठवलं. लीगमधला नंबर म्हणजेच सगळं असतं, तर हा हिशेब जमत नाही.

अर्थात सहावा आणि सतरावा यांत फरक आहे, म्हणूनच काठावर. तीन संघ थोडे बरे निघाले असते तर मी हे उत्तर लिहिलं नसतं. विगनचं २०१३ तुला माहीत असेल. ११ मेला एफए कपच्या फायनलमध्ये इंज्युरी टाइममध्ये बेन वॉटसनच्या हेडरने मँचेस्टर सिटीला हरवलं, आणि १४ मेला आर्सेनलकडून ४-१ हरून लीगमधून खाली गेले. तीन दिवसांत दोन्ही. विगनचा तो हंगाम मी यशस्वी म्हणेन, कारण त्या आकाराच्या क्लबाला तो कप पुन्हा मिळेलच असं नाही. टॉटनहॅमचा तसाच हंगाम मी यशस्वी म्हणणार नाही. एवढं मोठं मैदान, एवढे पगार, एवढी तिकिटं विकणारा क्लब खाली गेला तर एक कप त्याची भरपाई करत नाही. २०२५च्याच वसंतात क्रिस्टल पॅलेसने त्यांचा पहिलावहिला मोठा कप जिंकला, एफए कप. ते लीगमध्ये बारावे आले हे सांगायची गरजही कुणाला वाटत नाही. कुठल्या क्लबाकडून काय मागायचं हे आधी ठरतं, मग यश-अपयश.

आणि इथे तुझं ते ऑगस्टमधलं वाक्य येतं. ‘एक कप आला तर बाकी काही नको.’ वकिलाच्या नजरेने बघितलं तर तू तिथेच केस हरलीस. पोस्टेकोग्लूने सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून हरल्यावर छाती ठोकून सांगितलं होतं की मी नेहमी दुसऱ्या वर्षी काहीतरी जिंकतो. लोक हसले, आणि त्याने जिंकून दाखवलं. त्यानेही नंबराचं वचन दिलं नव्हतं, तूही नंबराची अट घातली नव्हतीस. पण तुझा प्रश्न रास्त आहे: किंमत माहीत नसताना दिलेला शब्द किती पाळायचा? माझ्या मते पाळायचा, पण कुरकुर करायचा हक्क राखून. पुढच्या वेळी मात्र हंगाम सुरू व्हायच्या आधी दोघांनी बसून लिहून ठेवा: काय मिळालं तर खूश, आणि काय झालं तर कप असूनही नाखूश. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तोच कुणी लिहीत नाही. मग मेमध्ये येऊन मोजपट्टी बदलायची सोय राहत नाही.

आर्सेनलवाल्याचं. तुझ्या पत्रात तो एकाच ओळीत आहे, पण मला वाटतं तुझ्या रागातला बराच वाटा त्याचा आहे. रोज ‘सतरा’ ऐकायचं, आणि घरी आल्यावर दादाने म्हणायचं, लाज कसली. म्हणजे ऑफिसात तू एकटीने टॉटनहॅमचा बचाव करायचा आणि घरी तो क्लब हरला हे सिद्ध करायचं. दमायला होणारच. त्या माणसाला एकदा विचार की २०२४-२५ मध्ये सलग तिसऱ्यांदा दुसरे आलात, रेआल माद्रिदला घरी-बाहेर हरवलंत, तो हंगाम यशस्वी होता का? त्याच्या क्लबात हाच वाद उलट्या टोकाने चालला होता: तिकडे सगळं होतं, फक्त कप नव्हता. २०२३-२४ मध्ये ८९ गुण मिळवूनही ते दुसरेच. तुला हवा असलेला सन्मान त्यांच्याकडे होता आणि दादाकडे असलेला कप त्यांना हवा होता. तो ‘सतरा’ म्हणणं थांबवणार नाही, ते त्याचं कामच आहे. पण तुझं उत्तर तरी तयार असेल.

आता मुख्य गोष्ट, कारण हंगामावरून कुणी बहिणीबरोबर सामने बघणं सोडत नाही. तुम्ही एकमेकांना जी दोन वाक्यं लिहिलीत त्यांचं काय करायचं?

‘तू खरी फॅनच नाहीस.’ हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही, आणि दादाशी गाठ पडली तर मी ते त्याला सांगेन. मुलींना हे वाक्य मुलांपेक्षा जास्त ऐकावं लागतं. घरातल्या माणसाकडून, चारचौघांत, हे म्हणजे फारच. आणि वाक्य म्हणूनही ते टिकत नाही. फक्त जिंकणारी टीम हवी असणारी मुलगी टॉटनहॅम निवडत नाही! २२ पराभवांचा एवढा त्रास ज्याला होतो त्याचं क्लबवर प्रेम नाही, हा कुठला तर्क? टीम त्याने दिली हे खरं, पण तक्रार करण्याचा परवाना त्याच्याकडून काढायचा नसतो. कोण किती वर्षांपासून बघतोय यावरून कोण किती खरा हे ठरत असेल, तर दादानेही १९८४चा युएफा कप बघितलेल्यांसमोर तोंड उघडू नये. तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

पण तुझं वाक्य जास्त खोल गेलंय. त्याने तुझ्या फॅनपणाला हात घातला, तू त्याच्या सतरा वर्षांना. ‘कुणी काहीही टाकलं तरी उचलतोस.’ ज्या माणसाने चार फायनल बिनगोल हरताना बघितल्या, केनला जाताना बघितलं, त्याच्या हातात सतरा वर्षांनी काहीतरी आलं आणि घरातलंच माणूस म्हणालं, ही तर उष्टी पत्रावळ. त्यात पोस्टेकोग्लूबद्दलचं तुझं मत. ते बरोबर असेल, मलाही पटतं. पण दादाला अख्खा आनंद मिळाला तो सोळा दिवसांचा, आणि मग क्लबने तो देणाऱ्यालाच काढलं. तो हे एकदा आधी पाहून बसलाय. २००८चा कप जिंकून देणारा मॅनेजर हुआंदे रामोस त्याच ऑक्टोबरात गेला, आठ सामन्यांत दोन गुण मिळाल्यावर. म्हणून तू ‘हंगाम फेल’ म्हणतेस तेव्हा त्याला लहान बहीण ऐकू येत नाही, क्लबचं निवेदन ऐकू येतं.

तेव्हा सुरुवात तू कर. माफी मताबद्दल मागू नकोस, त्या एका वाक्याबद्दल माग. मेसेज नको, समोरासमोर बोल. साधं म्हण: ‘दादा, तू सतरा वर्षं थांबलास त्यावर मी बोलायला नको होतं. सतराव्या नंबराबद्दल मात्र बोलणारच.’ तो हसला तर उत्तम. तो गप्प बसला तरी चालेल, त्याला लगेच ‘आता तू पण सॉरी म्हण’ असं म्हणू नकोस. ‘खरी फॅन’बद्दल तुला लागलंय हे दुसऱ्या दिवशी वेगळं सांग. दोन्ही हिशेब एकाच बैठकीत मिटवायला गेलीस तर पुन्हा गुणतक्ता निघेल. आणि पहिला सामना एकत्र बघाल तेव्हा बिल्बाओची जुनी फीत लावू नका, त्याच्या समजुतीसाठीही नको. चालू हंगामातला कुठलाही बघा, साधा, लीगमधला. हरले तर दोघांना मिळून शिव्या घालता येतील.

ग्रुपचं. दादाशी बोलणं होईपर्यंत परत जाऊ नकोस. तिथे प्रेक्षक आहेत, आणि प्रेक्षक असले की तुम्ही दोघंही एकमेकांशी न बोलता त्यांच्यासाठी बोलता. नंतर खुशाल जा. गेल्या गेल्या कुणीतरी हा विषय काढेलच. तेव्हा २०१६-१७चा प्रश्न टाक, फोन म्यूटवर ठेव आणि रात्रभर त्यांना भांडू दे.

— ताई